डाव्या हाताचा फोटो

चोडणच्या धक्क्यावर फेरी लागते तिथे
एक खांब आहे, शिंपल्यांनी खरबरीत झालेला.
बाबा फेरीवर दोर फेकायचे.
दर चवथीला मला त्या खांबाला टेकवून
उरलेल्या रंगाने रेघ ओढायचे.
पाणी दिवसातून दोनदा चढायचं, दोनदा उतरायचं.
माझ्या तीन वर्षांच्या रेघा
चार बोटांत मावत.

उदेश दोन वर्षांनी धाकटा.
त्याला आखूड झालेले शर्ट मला यायचे,
बटणं उलट्या बाजूची.
शाळेच्या रांगेत मी कायम पहिली.
बसमध्ये कंडक्टर न विचारताच हाफ फाडायचा
आणि आई खिडकीबाहेर बघायची.

उपाय पुष्कळ होते.
पेराच्या फांदीला लटक.
पोटऱ्यांना तिळेल.
देवीला कौल लावला, तिने उजवा दिला.
आणि प्रत्येक हळदीकुंकवात कुणीतरी:
"पोरीला पोटभर वाढतेस ना गो?"

मराठीत वाढणं दोन,
एक ताटातलं, एक अंगातलं.
आई पहिलं करत राहिली.

बांबोळीला डॉक्टर मिनेझिसनी
डाव्या हाताचा फोटो काढायला लावला,
उजेडासमोर धरला,
म्हणाले, मुलगी दहाची, हाडं साडेसहाची.
म्हणजे माझ्या मनगटात
दुसरीच कोणी राहत होती,
नुकती पहिलीत बसलेली, पाटी नवीन.

मग एक सकाळ उपाशी, हातात सुई रुतवून,
गोळीने झापड येतेय
आणि दर अर्ध्या तासाला थोडं रक्त.
मेंदूच्या तळाशी अळसांद्याएवढी एक ग्रंथी,
ती रात्री, झोपेत, हाडांना निरोप धाडते.
माझी धाडत नव्हती. फार तर एखादा, अर्धवट.
"यात जेवणाचा काही दोष नाही," डॉक्टर म्हणाले,
माझ्याकडे न बघता, आईकडे बघून.
ती तिथेच रडली, स्टुलावर,
पर्स पोटाशी घट्ट धरून.

त्यानंतर रोज रात्री नऊला पेन.
आज डावी मांडी, उद्या उजवी.
फ्रीजच्या दारात, सुंगटांच्या डब्यापासून लांब.
मे महिन्यात वीज गेली की
बाबा मासळीबाजारातून बर्फ आणायचे
आणि पेन टॉवेलात गुंडाळायचे,
कारण गार हवं, गोठता कामा नये.
रात्रभर उठून उठून बघायचे.

पहिल्या वर्षी नऊ सेंटिमीटर.
गुडघे दुखायचे. चपला तीनदा बदलल्या.
आग्नेल पोदेराचा भोंगा वाजला
की मी चार पोळे उभ्यानेच खायची.
खांबावर बाबांनी ओढलेली ती रेघ
थोडी तिरकी आहे. हात हलला असावा.

सोळाव्या वर्षी पुन्हा तोच हात, तोच उजेड.
हाडांमधल्या फटी बुजल्या होत्या.
पाच फुटांना एक इंच कमी.
पेन बंद. "काही महिन्यांनी तपासणीला ये,"
ते म्हणाले होते. मी गेले नाही.
मोजून घ्यायचा कंटाळा आला होता.

आता मी चौतीस. रायबंदरच्या पोस्टात,
काउंटरमागे उंच स्टूल.
पाच-सहा वर्षं दुपारनंतर अंगात काही उरत नसे.
पोट सुटलं, दंड लोंबले,
शिक्का मारता मारता मन कुठे विरून जायचं.
उदेश म्हणायचा, जरा चालत जा.
मीही म्हणायचे, आळशी आहेस.
मग पायरीवरून घसरले आणि मनगट मोडलं.
तेच, डावं.

नव्या डॉक्टर अस्नोडकरबाईंनी जुनी फाईल मागितली,
पुन्हा सुई, पुन्हा घड्याळ.
म्हणाल्या, उंची हे त्याचं फक्त पहिलं काम.
ते संपलं तरी हाडं, स्नायू, काळीज
त्या निरोपाची वाट बघतातच.
मोठेपणी डोस लहान असतो.

बाबांनी विचारलं, आता कशाला? वाढायची थोडीच आहेस?
मी म्हटलं, नाही, झिजायची थांबतेय.
ते उठले, फ्रीज उघडून दारातली जागा करू लागले.

आई पाठीत वाकलीय.
काल सोलांची बरणी फळीवरून काढायला
तिने मला हाक मारली.
मला.
माझाही हात पुरला नाही,
स्टूल आणलं.